एकाचे दोन

—नाही हो ताई, डिस्कच्या रंगाचं काही नाही, काळी द्या, निळी द्या, जायचीय कपाटावरच. मी विचारतोय ते वेगळं. यातली लवकर मरते कुठली? असं बघू नका माझ्याकडे, टिकाऊ हवी म्हणूनच विचारतोय—कुठली मरते ते कळलं की ती सोडून दुसरी घ्यायची, सरळ आहे. ही? हिच्या आत तबकडी फिरते, आणि पडली की गेली—टेबलावरून पडली तरी? आणि ही चपटी, हिच्या पोटात फिरणारं काहीच नाही, म्हणून हिला आपटलं तरी ही ढिम्म. अच्छा अच्छा. मग ती फिरणारीच दाखवा. स्वस्त आहे म्हणून हो, दुसरं काय! बघा, तुम्हीसुद्धा काचेवर किती जपून ठेवलीत, म्हणजे खरंच नाजूक दिसते. आमच्या घरात सगळं उंचावर ठेवायची सवय आहे, आणि कपाट जरा डुगडुगतं. नाही, काही नाही. सहज सांगितलं.

आणि केवढी घ्यायची? एक टीबी, दोन टीबी—नावच असलं की माणूस आधी खोकून घेईल. यापेक्षा छोटी नाही का? मोठी मागणारे लोक वेगळे, ताई, त्यांना सगळंच ठेवायचं असतं. मला थोडी कमी पडली तरी चालेल. बसेल तेवढं बसेल, उरलेलं—उरलेल्याचं बघू. भरायचंय काय म्हणाल तर फोटो. आमच्या मंडळींचे. हा लॅपटॉप तिचा, हा काय, पिशवीत आणलाय—बिजागरी तुटलीय, पंखा घरघरतो, मधूनच पडदा निळा होतो, शेवटचे आचके देतोय बिचारा. काल जेवताना म्हणाली, अहो, उद्या येताना एक हार्ड डिस्क आणा, फोटो तेवढे काढून घेते मी. डिस्क आणा म्हणाली. लॅपटॉप न्या असं नाही म्हणाली. तो मी आपला उचलला, ती कामावर गेल्यावर—ती दाताच्या दवाखान्यात असते, पुढच्या टेबलाशी, पेशंटचे नंबर लावायला. म्हटलं कशाला तिला त्रास, दुकानातच करून आणू. चांगलंच केलं की नाही? नवऱ्यानं एवढंही करू नये?

कोणाचे फोटो काय विचारता, फोटो ते फोटो. असतील तिच्या जुन्या घरचे. जुनं घर म्हणजे माहेर नव्हे हो—माझ्या आधीचं. तिचा पहिला नवरा. गेला. ताप आला नि माणूस गेला, आठवडाभराचा खेळ. वाईटच झालं, मी कुठे नाही म्हणतोय? मेलेल्या माणसाबद्दल मी वाकडा शब्द काढत नाही. पण खरं सांगू का, तो जिवंत असता, भांडून-बिंडून वेगळा झाला असता, तर मला सोपं गेलं असतं. एव्हाना पोट सुटलं असतं त्याचं. ओला टॉवेल पलंगावर टाकला असता, तिचा वाढदिवस विसरला असता, चार माणसांत तिच्यावर ओरडला असता एखादवेळी. मेला आणि सुटला! आता त्याच्याकडून चूक म्हणून होणार नाही. माझ्याकडून रोज होते. परवाच तिची काचेची बरणी फोडली मी, आणि ती काही बोलली नाही, नुसता झाडू घेऊन आली—आणि मला वाटलं, बोलली नाही म्हणजे मनात म्हणाली असणार, त्यानं फोडली नसती.

मी किल्लीवाला. हो, त्या सिग्नलजवळच्या औषधाच्या दुकानाला लागून, पायरीखाली, मोठी लोखंडी किल्ली टांगलीय तो मी. आता गंमत बघा नशिबाची. तो गेला तेव्हा कपाटाची किल्ली त्याच्या खिशात, आणि कपडे हॉस्पिटलात कुठे गेले कोणाला पत्ता नाही. ही आली माझ्याकडे—कपाट उघडून द्याल का. गेलो. अर्धा तास लागला, जुनं भक्कम कुलूप होतं. दार उघडलं तर आत त्याचे शर्ट, घडी घातलेले, एक कॅमेरा, आणि हा लॅपटॉप. हाच! मीच बाहेर काढला हो याला, या हातांनी. तेव्हा काय माहीत, तेव्हा हे गिऱ्हाईक होतं. पुढं ती नवी किल्ली करायला आली, मग ती किल्ली अडकते म्हणून आली, मग अडकत नव्हती तरी आली—तेवढं माझ्या पदरात आहे, तेवढं कोणी काढून घेऊ शकत नाही. लग्नाचं तिनंच विचारलं मला. स्पष्ट. मी नाही.

बरं, मला सांगा, तुम्ही तुमच्या मिस्टरांना काय म्हणता? अरे म्हणता ना? बघा! सगळ्याच म्हणतात आता. ही मला अहो म्हणते. अहो, चहा झालाय. अहो, लाइट घालवा. शेजारीपाजारी म्हणतात, काय मान देते बायको. मान! मान घेऊन काय डोक्यावर मिरवू? आणि तो—तो अरे होता. माझ्यासमोर काढत नाही ती त्याचा विषय, पण बहिणीशी फोनवर बोलते, मी तिथंच भांडी लावत असतो, कान काही खुंटीला टांगता येत नाहीत. 'तो वेडाच होता गं,' म्हणते. वेडा! आणि मग हसते. आणि माझ्याबद्दल? 'हे फार चांगले आहेत गं.' चांगले. हे. मी एकदा म्हटलंही तिला, मलाही अरे म्हण की, मी काय तुझा सासरा आहे? तर लाजली-बिजली नाही, हातातलं काम थांबवून विचार केला तिनं, आणि म्हणाली, नाही जमणार हो मला. हो! त्यातसुद्धा हो!

तर काय म्हणत होतो, कॉपी नकोय मला. कट. तेवढा शब्द कळतो मला, विचारून आलोय—इथून उचलायचं, तिथं टाकायचं, इथली जागा साफ. मग डिस्क कपाटावर, लॅपटॉप मोकळा, विषय संपला. काय? तो बॅकअप होत नाही? का होत नाही? बॅकअप म्हणजे दोन ठिकाणी पाहिजे? थांबा, थांबा, मला नीट समजू द्या. म्हणजे आज तो लॅपटॉपमध्ये एकटा आहे. मी पदरमोड करून ही डिस्क घेणार. आणि संध्याकाळी घरी जाऊन बघतो तर तो दोन ठिकाणी! अहो एक होता तोच मला पुरून उरत होता, एकाचे दोन कुठे करता! आणि तिसरी प्रत घराबाहेर ठेवावी? दुसऱ्याच्या घरी? आग लागली, चोरी झाली तर म्हणून—अहो ताई, हे तुम्ही मला सांगता? हे माझं वाक्य आहे! रोज सांगतो गिऱ्हाइकांना, एक किल्ली खिशात, एक घरात, एक शेजाऱ्याकडे, आणि लोक ऐकत नाहीत, आणि मग रडत येतात. आता कळलं, लोक का ऐकत नाहीत. प्रत्येकाच्या घरी असतं काहीतरी, ज्याच्या तीन किल्ल्या नको असतात.

बरं, कॉपी करताना झिजतं का हो थोडंफार? आमच्याकडे झिजतं. मूळ किल्लीवरून काढलेली किल्ली मख्खन चालते, पण डुप्लिकेटवरून डुप्लिकेट काढली की खाच केसभर सरकते—कुलपात बसते, फिरत मात्र नाही. मी काढून देतच नाही, परत पाठवतो माणसाला, मूळ घेऊन या म्हणून. तुमच्यात तसं नाही? कितीही वेळा काढली तरी तशीच? रंगसुद्धा उडत नाही? म्हणजे हा म्हातारा होणार नाही, झिजणार नाही, पिवळा पडणार नाही. आणि मी आहे की पिवळा पडायला. जळतो मी, ताई. आता एवढं बोललोच आहे तर सांगूनच टाकतो, मेलेल्या माणसावर जळतो मी. हसा. तुमच्या जागी मी असतो तर हसलो असतो.

हसला नाहीत. बरं. लावा तो लॅपटॉप. चार्जर आहे पिशवीत, वायर जरा वाकडी धरावी लागते, अशी, हां. पासवर्ड? तो मी सांगणार नाही. इकडे फिरवा, मीच टाकतो. माहीत आहे मला, लपवलेला नाही तिनं, वीजबिल मीच भरतो यावरून. पण तोंडानं नाही सांगणार. त्याचं लाडाचं नाव आहे. तिनं ठेवलेलं. अजून तेच! बदल की म्हटलं एकदा, तर म्हणाली, राहू दे हो, लक्षात राहतं. लक्षात राहतं! म्हणजे घरात उजेड हवा असेल तर दर महिन्याला मी आधी माझ्या बोटांनी त्याला लाडानं हाक मारायची, मग तो दार उघडणार, मग बिल. झालं, उघडला. तो पिवळा फोल्डर, डावीकडचा, 'घर' लिहिलंय तो. घर! आणि आमच्या लग्नानंतरचे फोटो कुठेत माहितीये? खाली बघा. दिसलं? 'इतर'. गॅसचं कार्ड, पाण्याची बिलं, आणि मी.

नाही, आतलं कधीच बघितलं नाही. शप्पथ. जाऊन आलोय दारापर्यंत—तो बाण नेऊन ठेवायचा फोल्डरवर, बोट उचलायचं, आणि बिल भरून बंद करायचं. किती वेळा! परक्याच्या घराची कुलपं हसत उघडतो मी, आणि हे एक उघडायला छाती होईना. एकट्यानं बघवलं नसतं. म्हणून इथं आणला, आता लपवून काय करू. मला त्याचं तोंड बघायचंय एकदा. भिंतीवर नाही त्याचा फोटो, मी घरात यायच्या आधीच तिनं उतरवला, कुठं ठेवला विचारायची सोय नाही. चार माणसं म्हणतात हुशार होता, गमत्या होता, उंच होता. उंच किती? माझ्यापेक्षा? दाखवा तुम्ही. मी तुमच्या मागे उभा राहतो.

ही ती. केस बघा केवढे, आता नाहीत एवढे. ही पण तीच. ही गच्चीत, तारेवर चादर टाकताना. ही जिन्यात, चपलेचा बंद लावतेय. पुढं जा. तीच. ही खिडकीशी, हातात कप. पुढं. तीच, तीच—अहो, तो कुठाय? खाली जा, खाली भरपूर आहेत. झोपलेली. छत्री उलटी झालेली. डाळिंब सोलताना, हात लाल. सगळीकडे हीच? एकही नाही त्याचा? अं? हो. हो की. काढणारा तोच. कॅमेरा त्याचा, तो कसा दिसणार. बघा, काय लबाड माणूस! एवढा शोधला मी याला, आणि हा सगळ्या फोटोंत आहे आणि एकातही नाही. थांबा, तो कोण? हा, हा निळ्या शर्टातला! मोठा करा. मान कुठाय याची? डोकंच नाही! गळ्यापासून खाली सगळा आहे, वर नुसती भिंत. हा तिनं काढलाय! नक्की तिनंच—माझंही असंच कापते ती, माझे जेवढे काढलेत तेवढ्यात मी हनुवटीला संपतो. त्याचंही कापलं! वेड्याचंही कापलं नि चांगल्याचंही कापलं! आणि हा शर्ट ओळखला मी. खिशावर शिवण आहे ना दुहेरी? हा माझ्या दुकानात आहे. फडका म्हणून दिलाय तिनं, किल्ल्यांवरचा पितळेचा कीस पुसतो मी त्यानं. मला वाटलं होतं मजा वाटेल असं काही दिसलं तर. नाही वाटली. जाऊ द्या, पुढं.

थांबा. मागं. एक मागं—हां, हा. राहू द्या असाच. काय करतेय बघा. केस बांधतेय, दोन्ही हात मागं अडकलेले, तोंडात पिन धरलीय, आणि ऐन त्या वेळी यानं हाक मारली असणार. ती वळलीय. रागवायचं ठरवलंय तिनं, कपाळावर आठी आणलीय पण, आणि हसू त्याच्या आधीच फुटलंय, पिन पडायला आलीय ओठातून. हे बघणं—हे कॅमेऱ्याकडे नाही बघणं. बाईमाणसाला जास्त कळेल, तुम्ही सांगा, हे कॅमेऱ्याकडे आहे का? नाही ना. मीही काढतो तिचे, मोबाईलवर. त्यात ती बघते, आटपा हो लवकर, दूध उतू जाईल, असं. तिची चूक नाही. दूध खरंच उतू जातं. पण हे तोंड मी बघितलंच नाही हो कधी. समोर बसून जेवतो रोज, आजारात उशापायथ्याशी बसलोय, पाठमोरी असली तरी ओळखीन बाजारात—आणि हे तोंड मला माहीतच नव्हतं. सरका जरा. तुम्ही सरका तिकडं, मला समोरून बघू द्या. हां. इथं उभं राहिलं की माझ्याकडेच बघते. हलू नका. पडदा निळा होईल.

करा कॉपी. सगळं करा. पट्टी कुठं दिसते, ही हिरवी? सरकतेय की. थांबा, फोन. तिचाच. आवाज करू नका हं. —हं, बोल. दुकानात. हो, लॅपटॉप माझ्याकडेच आहे, घाबरू नकोस. दुपारची घरी आलीस होय? नाही गं, उघडलं नाही मी काही. ह्या ताई करतायत, मी इकडे वायरी बघतोय. हं. हं. कोणाला? त्याच्या आईला? डिस्क त्यांना द्यायची होती? मला वाटलं तू—नाही, बरोबर आहे, लेकाच्या हातचं आहे, त्यांना हवं असणारच. त्यांच्याकडच्या तुझ्या महिन्याच्या फेरीला नेऊन दे, मी येतो सोबत. येतो की, का नाही येणार. आणि लॅपटॉप? भंगारात? आणि आतलं... पुसून. सगळं? तुझ्यासाठी एखादा तरी—बरं. तुझं आहे, तू ठरव. काय? माझ्यासाठी? मी कधी काय म्हटलं? एका शब्दानं तरी मी—ऐकतोय. ऐकतोय गं. नाही, आवाज नीटच आहे, पंखा आहे इथं. अगं नको ना असं बोलूस फोनवर. बरं. ये. मी पण निघतोच. ठेव.

ऐकलंत? नसेल ऐकू आलं. म्हणाली, तुम्ही बिल भरायला बसलात की बाण जिथं जाऊन थांबतो ते मला मागून दिसतं. किती दिवस त्रास करून घ्याल, म्हणाली. त्याच्या आईंना देते आणि पुसून टाकते, माझं बघून झालंय. माझं बघून झालंय! अशी म्हणाली, जेवण झालंय म्हणावं तसं. म्हणजे मिटलं. सकाळी दुकान बंद ठेवून निघालो तो हेच मागायला निघालो होतो, आणि तिनं आपणहून दिलं, पूर्ण दिलं, मागणं तोंडातून निघायच्या आत. आता त्या घरात एकटा मीच. मला आनंद व्हायला पाहिजे. तुम्हाला काय वाटतं, व्हायला पाहिजे ना?

त्यांना ती फिरणारी नको, हातातून निसटेल म्हातारीच्या. चपटी द्या. असू दे महाग. नाही, कापाकापी नको, डोकं नसलेलासुद्धा जाऊ द्या, आई ओळखेल. आणि ताई, आणखी एक द्या, तशीच. दुसरी. तिच्यावर एकच टाका. तोच, पिनेचा. एका फोटोला एवढी मोठी कशाला म्हणता—असू दे, मोकळी राहू दे बाकीची. पेनड्राइव्ह नको, किल्ल्यांत हरवेल. मोबाईलवर नको, मोबाईल ती बघते. ठेवीन की दुकानात, कोऱ्या किल्ल्यांच्या खणात, तिथं ती हात घालत नाही, कीस टोचतो म्हणते. बघणार कशावर? बघायचं कोणी म्हटलं! माझ्याकडे कुठाय कॉम्प्युटर. तिचं बघून झालंय, ताई. तिनं पुसलं की ते तोंड आमच्याकडे कुठंच उरणार नाही, आणि माझं तर आत्ता कुठं बघायला सुरुवात—

झालं? काढा वायर. वेगवेगळ्या पिशव्यांत द्या. आणि हे बघा, आमची ही कधी आली इथं चार्जर-बिर्जर घ्यायला, आणि निघाला विषय, तर मी एकच नेली. विचारलं तरी एकच. असं काय बघताय? करा पावती, तुमचं पुढचं गिऱ्हाईक ताटकळलंय.